देवधरांचे सूर्यनमस्कार

संशयाचं एक बरं असतं, त्याला खतपाणी लागत नाही. एकाहत्तरची लढाई दोन आठवड्यांत आटोपली, पण आमच्या जबलपूरच्या फॅक्टरी कॉलनीत एकमेकांवर नजर ठेवायचं काम पुढे कितीतरी दिवस ओव्हरटाइमसारखं चालू होतं. जुनी मंडळी जमली की त्यातला एखादा किस्सा निघतोच, आणि एक निघाला की मागोमाग दुसरा. मी तर फॅक्टरीत एक्झामिनर. चांगल्या मालात खोट शोधायचा पगार घ्यायचो, मग माणसं कशी सुटतील?

*

देवधर पुण्याकडून बदलून आले ते लढाईच्या तोंडावर. टूल रूममध्ये टर्नर. रोज पहाटे क्वार्टरच्या गच्चीवर पूर्वेला तोंड करून उभे, दोन्ही हात वर. पूर्वेला आमची दारूगोळ्याची फॅक्टरी!

समोरच्या सुभेदारकाकूंनी तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी अंगणातूनच विचारलं, "काहून जी, कोणाला इशारे करून राहिले?"

देवधर म्हणाले, सूर्याला.

काकूंना पटलं नाही, कारण त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं होतं. मलाही पटलं नाही.

*

रथसप्तमी जवळ आली तसा देवधरांनी मैदानावर वर्गच सुरू केला. दहा-बारा जण जमलो. निम्मे व्यायामाला, निम्मे देवधरांवर लक्ष ठेवायला. मी कोणत्या निम्म्यात ते सांगायला नको.

त्यांनी सणाचा अर्थ सांगितला. सूर्याचा रथ या दिवशी वळतो. त्याचे सात घोडे म्हणजे पाच इंद्रियं, मन आणि बुद्धी. श्वास हा लगाम. नमस्कार घालताना लगाम हातात आला तर रथसप्तमी झाली, नाहीतर नुसत्या उठाबशा.

सिक्युरिटीचा तिवारी साध्या कपड्यांत मागे बसून हे सगळं वहीत उतरवत होता. साधे म्हणजे वरून, पायात सरकारी बूट तसेच. त्याच्या साहेबांनी तो रिपोर्ट वाचला आणि गंभीरपणे विचारलं म्हणे, "ये सात घोड़े किस स्टेशन पर उतरने वाले हैं?"

*

शेवटी शवासन असायचं. डोळे मिटून स्वस्थ पडायचं. पण शेजारचा काय करतो ते बघायचं असल्यावर डोळे मिटणार कोण? एकदा देवधरांनी उठून पाहिलं तर अख्खा वर्ग टकाटका आभाळाकडे आणि तिरक्या नजरेनं एकमेकांकडे बघत पडलेला.

ते म्हणाले, "अहो, शेजाऱ्याजवळ डोळे मिटायची भीती वाटते, तर सूर्याला काय तोंड दाखवणार?"

सगळ्यांत आधी डोळे मिटले ते तिवारीनं. दोन मिनिटांत घोरायला लागला. ड्यूटीवर!

*

रथसप्तमीला दोन दिवस उरले आणि फाटकावर देवधरांचा पास काढून घेतला. कोणीतरी निनावी पत्र टाकलं होतं. पास गेला म्हणजे नोकरी गेली, क्वार्टर गेलं. घरात म्हातारी आई आणि दोन मुली.

आता कोणीतरी कशाला म्हणू? पत्र मी लिहिलं होतं. अजून लाज वाटते. शिवाय लिहिलं मराठीत, कारण माझी हिंदी बोलण्यापुरती.

सिक्युरिटीच्या साहेबांना मराठी येत नव्हती. त्यांनी वाचून दाखवायला एक मराठी माणूस बोलावला. मला! खोलीत गेलो तर समोर देवधर उभे. माझंच पत्र माझ्या हातात आलं. मी हिंदीत सांगायला लागलो आणि एकेक शब्द मवाळ करत गेलो. शेवटची ओळ तर गाळूनच टाकली.

देवधरांनी वाकून कागद पाहिला. "साहब, इनसे एक लाइन छूट गई," ते म्हणाले आणि स्वतःच हिंदीत वाचून दाखवली. "यह आदमी दुश्मन का जासूस है, इसके घर की तलाशी ली जाए."

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. मग विचारलं, अक्षर ओळखता का? माल नापास केल्याच्या माझ्या हातच्या रिजेक्शनच्या चिठ्ठ्या, त्याही मराठीत, रोज देवधरांच्या टेबलावर जायच्या.

"नहीं," देवधर म्हणाले.

त्याच दुपारी झडती झाली. एक पंचांग आणि दोन सतरंज्या सापडल्या. दुसऱ्या दिवशी पास परत मिळाला.

रथसप्तमीच्या सकाळी मैदानावर अख्खी कॉलनी होती. देवधरांनी मला हाताला धरून रांगेतून पुढे आणलं.

"सूर्याची बारा नावं आज तुम्ही म्हणा. तुम्ही म्हणाल त्या एकेका नावावर आम्ही नमस्कार घालतो."

सूर्य वर आला. सगळे हात जोडून माझ्याकडे बघत थांबले. पहिलंच नाव ‘मित्र’, आणि तेच माझ्या तोंडून फुटेना.