माइकसमोरचं पूर्ण नाव

आमच्या गाण्याच्या ग्रुपची रेकॉर्डिंगची खोली घणसोली गावात आहे, एका किराणा दुकानाच्या वर. आवाज बाहेरचा आत येऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या लावल्यात. पण लग्नसराईत गल्लीत हळदीचा डीजे सुरू झाला की गाद्यांची काही डाळ शिजत नाही. खोलीच्या मालकांकडे गाऱ्हाणं नेलं, तर ते हसून म्हणाले, "हलद काय थांबनार नाय. तुमचा गाना उद्या पन व्हईल." तेव्हापासून हळद लागली की आम्ही मुकाट चहा पितो.

मी हार्मोनियम वाजवते. ग्रुपमध्ये वयाने मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. मध्यंतरी आम्ही दूरदेशीच्या काळ्या माणसांच्या बाजूने एक गाणं केलं, तेव्हा माझ्या ओळखीच्यांनी कौतुकाने डोक्यावर घेतलं. त्यानंतरचं गाणं इथल्या जातीवर केलं, तर तेच लोक म्हणाले, गाण्यात राजकारण कशाला? कुसळ दिसतं, मुसळ दिसत नाही, ते हेच. मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

ते दुसरं गाणं गाणारी मुलगी मराठवाड्यातली. महापेच्या एका कंपनीत कामाला, आणि नेरूळला एका एकट्या काकूंकडे खोली घेऊन राहायची. त्याआधी दोन घरं आडनाव सांगताच हातची गेली होती. म्हणून काकूंनी आडनाव विचारलं तेव्हा तिने वडिलांचं नावच आडनाव म्हणून सांगून टाकलं. काकू मायाळू निघाल्या. तिला उशीर झाला की जेवण झाकून ठेवायच्या. त्यामुळे तर तिला ते लपवणं जास्तच जड जायचं.

आमच्याकडे एक रीत आहे. आवाज तपासायला कुणी 'हॅलो हॅलो' करत नाही. माइकसमोर आपलं पूर्ण नाव आणि गाव सांगायचं. ती मात्र कायम 'एक, दोन, तीन' म्हणायची. आम्हीही कधी खोदून विचारलं नाही. त्या गाण्याच्या दिवशी तिने नाव, आडनाव, गाव आणि गावाबाहेरची वस्ती, सगळं सांगितलं आणि तशीच गायला लागली. ऐकता ऐकता माझीच बोटं चुकली. नंतर रेकॉर्डिंग करणारा नावाचा तुकडा कापायला निघाला, तर ती म्हणाली, "राहू द्या. गाणं तिथूनच सुरू होतं."

आता काकूंना बाहेरून कळायच्या आत आपणच ऐकवावं, असं तिने ठरवलं. एकटीला धीर होईना, म्हणून मला सोबत नेलं. काकूंनी फोन कानाशी धरून सबंध गाणं ऐकलं. डोळे पुसले, गळा फार गोड आहे म्हणाल्या. मग दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "माझं काही नाही गं. पण सोसायटीत कुणाला ऐकवू नकोस."

मुलीने उठून चहाचे कप विसळून ठेवले. मला काकूंचा राग यायला हवा होता, पण त्यांचा घाबरलेला चेहरा बघून तोही धड येईना.

महिनाअखेरीला तिने घणसोलीत आमच्याच मालकांची मागची खोली घेतली. बोलणं सुरू व्हायच्या आधी तिने आडनाव सांगितलं. मालक म्हणाले, आताशा तुझं नाव वरच्या माइकवरून खाली दुकानात रोज ऐकू येतं, हळदीचा आवाज चालेल का तेवढं बोल. कितीतरी दिवसांनी ती मोकळी हसली.

काही दिवसांनी मला काकूंचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"मी तिला जा म्हटलं नव्हतं."

"हो काकू. पण राहा असंही म्हणाला नाहीत."

मग त्यांनी विचारलं, घणसोलीत येऊन कुणाचं घर म्हणून विचारू?

"तिचं पूर्ण नाव घ्या," मी म्हटलं. "आणि जरा मोठ्याने विचारा."