सुतारताईंची टकटक

समजा, खुर्चीत बसलेल्या एका बाईंच्या डोक्यावर तुम्हाला एक वेटोळं टेकवायचं आहे. तारेचं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, चांगलं जड. आधी अशी जागा शोधायची, जिथे एक ठोका दिला की उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. त्यावरून जोर किती ठेवायचा ते ठरतं. मग वेटोळं पुढे, कपाळाच्या डाव्या बाजूला वर न्यायचं आणि हलू द्यायचं नाही. चुंबकाची टकटक सुरू होते. बाईंनी दात आवळले की डोकं सरकतं. पुन्हा जागा शोधा.

हे काम ज्या करतात त्यांना दवाखान्यात सगळे सुतारताई म्हणतात. नाव याच खुर्चीत बसणाऱ्या खेळाच्या बाईंनी ठेवलं. "सुतारपक्षीसुद्धा झाड बघून टोचतो," त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही वाळकं लाकूड धरलंत."

खेळाच्या बाई शाळेत मुलांना पळायला शिकवायच्या. आता त्यांना जिना चढवत नाही. घास तोंडाशी नेला की हात थांबतो. औषधं झाली, समुपदेशन झालं, नाकातून नळी घालून झाली. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, खाण्याची भीती बसण्याच्या या आजारावर मेंदूला चुंबकाचे ठोके देण्याचा हा उपाय अजून तपासला जातोय. गुण आलाच तर आधी मन सैल होईल, वजनाचं नंतर बघू. बाईंचे थोरले भाऊ मान डोलावत होते. त्यातलं 'वजन' तेवढं त्यांनी उचललं.

बाई राहायच्या दादांकडे. तेच गाडीतून आणायचे, न्यायचे आणि दाराशीच विचारायचे, "काय गं, लागली भूक?"

"भूक कुठे गेली होती, दादा? मला खायची भीती वाटते."

"बघा, पुन्हा तेच," दादा सुतारताईंकडे वळायचे. "जरा वाढवा की तुमचं मशीन."

"तो मिक्सर नाही हो."

हे रोजचंच. सुतारताई वैतागायच्या आणि चहा घ्यायला जायच्या.

एका शुक्रवारी बाई खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "आज वहिनीशी भांडले. ताट ती वाढते ना माझं. म्हटलं, माझं मी वाढून घेईन."

"मग घेतलंत?"

"थोडंसं. पण घेतलं."

इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून 'मी घेईन' आलं नव्हतं. काम संपल्यावर सुतारताई हसतच बाहेर आल्या. दादा वाटच बघत होते.

"ही हल्ली उलट बोलते. मशीनमुळे का?"

"असू शकेल," सुतारताई म्हणाल्या. खरं तेच सांगितलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

"मग राहू द्या. वजन तर जिथल्या तिथे. आधी खात नव्हती, पण घरात शांतता तरी होती."

"अहो दादा, हेच तर..." पुढचं त्यांच्या ओठांवर होतं. पण गुण आला की नाही हे डॉक्टरांनी सांगायचं, असा नियम. आणि डॉक्टर सुट्टीवर होते.

"मला यायचंय," बाई मागून म्हणाल्या.

"घरी बोलू," दादा म्हणाले आणि गाडीची किल्ली काढली.

सोमवारी खुर्ची रिकामी. डॉक्टरांनी फोन केला, गोडीत समजावलं. दादाही तितक्याच गोडीत 'हो, हो' म्हणाले. बाई मंगळवारीही आल्या नाहीत. मग सुतारताईंनी स्वतःच फोन लावला.

"आणतो ना, ताई. जरा शांत झाली की आणतो."

"त्यांना फोन द्या बरं."

"कसा देऊ? पुन्हा वहिनीशी वाद चाललाय. ऐका तुम्हीच."

मागून भांड्यांचा आवाज आला, आणि बाईंचा: "डाव इकडे दे, वहिनी."

दादांनी फोन ठेवला. ताटात पुढे काय पडलं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सुतारताईंनी बाईंच्या वेळेला दुसऱ्या पेशंटला बसवलं, अंगठा उडवला, जागा धरली. या पेशंटची आई दाराशी उभी होती. तिला काही सांगायला हवं, एवढं त्यांना कळत होतं. पण बरं होणारं माणूस आधी घरात भांडायला लागेल, हे घरच्यांना पटेल असं सांगायचं तरी कसं?