गॅसच्या डावीकडची रिकामी जागा

मी घरजावई आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी गालातल्या गालात हसायला नको. सोलापूरहून नोकरीसाठी म्हैसूरला आलो, इथल्याच एका जुन्या मराठी घरातली मुलगी केली आणि आता सासूबाईंच्याच घरी राहतो. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड असते. 'स्वल्प थांबा' म्हणजे जरा थांबा आणि 'सुम्ने बसा' म्हणजे गप बसा, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो. दुसरं वाक्य रोजच ऐकावं लागायचं.

सासूबाईंना काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलंय, मधलं तेवढं धुरकट दिसतं, आणि गेलेलं परत येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मी आणि बायको सकाळी आठला बाहेर पडतो, मग दिवसभर त्या आणि त्यांचं स्वयंपाकघर. बंगळूरला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांना याची धास्ती होती. आईने आमच्याकडे यावं, एकटी गॅसपाशी असते, कधी भाजून घेईल नेम नाही, असं ते दर फोनवर म्हणायचे. त्यांचं चूक होतं असं नाही. पण सासूबाईंना जायचं नव्हतं. शेवटी ठरलं की मेहुण्यांनी रविवारी यायचं, सासूबाईंनी कुणाची मदत न घेता सगळा स्वयंपाक करून दाखवायचा. जमला तर विषय बंद, नाही तर सामान बांधायचं.

हे ऐकताच माझ्या अंगात आलं. म्हटलं, हे तर माझं रोजचं काम. म्हैसूरजवळच्या कडकोळला एका छोट्या कारखान्यात आम्ही धान्याच्या दुकानांसाठी इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवतो आणि काट्याच्या पोटातला प्रोग्राम मी सी भाषेत लिहितो. एरवी कुठला आकडा मेमरीत कुठे ठेवायचा ते आपण बघत नाही. लिंकर नावाचा एक प्रोग्राम असतो, तो रिकामी जागा बघून सगळ्यांना वाटून देतो. पण काही आकड्यांना पत्ता ठरवून द्यावाच लागतो. काटा सुरू होताना एक छोटा प्रोग्राम चालतो, तो वजन जुळवण्याचा आकडा एका ठरलेल्या पत्त्यावर ठेवतो आणि माझा मोठा प्रोग्राम डोळे झाकून तिथून उचलतो. डोळे झाकून! सासूबाईंना दुसरं काय हवं होतं?

तेव्हा एका संध्याकाळी मी कागद-पेन घेऊन स्वयंपाकघरात शिरलो. फळीवर डावीकडून पहिला डबा मिठाचा, दुसरा साखरेचा, तिसरा कॉफीच्या पुडीचा, असं सगळं त्यांना समजावून सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मीठ चाळीस वर्षं तिथंच आहे जावई, तुम्हालाच सापडत नव्हतं. बायको दारात उभी राहून हसत होती. मी कागदाची घडी करून खिशात घातली. माझी भर म्हणायची तर एकच. गॅसच्या डावीकडे ओट्यावर बरण्यांची गर्दी असायची, ती मी हलवली आणि वीतभर जागा कायमची मोकळी ठेवली. उकळतं पातेलं उतरवलं की चाचपडायला नको, सरळ डावीकडे ठेवायचं. हे मात्र त्यांना पटलं. दोन दिवसांत हात असा बसला की बघत राहावं.

त्याच आठवड्यात ऑफिसात माझी फजिती झाली. नव्या काट्यावर आम्ही कन्नडमधून 'धन्यवाद' दाखवायची सोय केली होती. आमच्या टेस्टिंगच्या बाईंनी पंचवीस किलोची तांदळाची पिशवी ठेवली, वजन बरोबर आलं. काट्याने धन्यवाद म्हटलं, आणि त्यानंतर तीच पिशवी उणे तीन किलो भरली. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि फार गंभीर चेहऱ्याने विचारलं, की सर, तांदूळ दुकानदाराने गिऱ्हाइकाला द्यायचे की गिऱ्हाइकाने दुकानदाराला. दोन दिवस मी सगळ्यांवर खेकसत होतो, लिंकरला तर शिव्यांची लाखोली वाहिली. शुक्रवारी उलगडा झाला. मी प्रोग्राममध्ये पत्ता लिहिला होता खरा, पण ती जागा राखीव आहे हे लिंकरच्या फाइलमध्ये नोंदवलंच नव्हतं. त्या बिचाऱ्याला ती रिकामी दिसली. त्याने ती धन्यवादाच्या अक्षरांना देऊन टाकली, आणि काटा धन्यवाद म्हणाला की वजन जुळवण्याचा आकडा पुसला जायचा.

चार ओळींची दुरुस्ती. ती करून आलो आणि जेवताना मोठ्या ऐटीत बायकोला गोष्ट सांगितली. ती कॉलेजात शिकवते, त्यामुळे चूक नेमकी कुणाची हे तिला लगेच कळतं. म्हणाली, म्हणजे तू मनातल्या मनात ठरवलंस आणि बाकीच्यांनी ओळखावं अशी तुझी अपेक्षा. घरी तरी दुसरं काय करतोस? मी हसण्यावारी नेलं आणि भात वाढून घेतला.

रविवारी मेहुणे आले. सासूबाईंनी सकाळपासून कुणाला कशाला हात लावू दिला नव्हता. ओबट्टू, म्हणजे आपली पुरणपोळी, एकही न फाटता झाली. कोशिंबीर झाली, भात झाला. मेहुणे आत-बाहेर करत होते, चेहऱ्यावरची काळजी हळूहळू उतरत होती. शेवटी सारु उकळलं, आमटीपेक्षा पातळ आणि तिच्याहून झणझणीत. सासूबाईंनी सांडशीने पातेलं उचललं आणि डावीकडे ठेवलं.

कडकन आवाज झाला. पाठोपाठ जळक्या प्लॅस्टिकचा वास.

मेहुण्यांचा फोन होता. काळा फोन, काळा ग्रॅनाइटचा ओटा. पाणी प्यायला आले होते, जागा रिकामी दिसली, ठेवला. मी तिथेच उभा होतो आणि मलाही दिसला नव्हता. सासूबाईंनी मात्र पातेलं टेकताक्षणी परत वर उचललं होतं, सारूचा एक थेंब सांडला नव्हता. तसंच अधांतरी धरून त्यांनी विचारलं, इथं काय आहे?

मेहुण्यांनी फोन चिमटीत धरून बाजूला केला. काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता.

"पाहिलंत ना?" ते मला म्हणाले. "आज फोन होता. उद्या हात असेल."

मला असा राग आला की बोलायची सोय नाही. फोन कुणी ठेवला, आणि बोल कुणाला! तोंडावर आलं होतं सगळं. पण त्याच आठवड्यात लिंकरला दिलेल्या शिव्या आठवल्या आणि राग माझा मलाच आला.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "ती जागा आईंसाठी ठेवलीय हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

सासूबाईंनी पातेलं सावकाश जागेवर ठेवलं. मग लेकाच्या आवाजाकडे तोंड केलं.

"तुझ्या फ्लॅटमध्ये आठ दिवस राहिले ना रे मी. सगळं नवं, छान. पण भिंत धरून बाथरूमला जायचे. तिथं मी आंधळी आहे. इथं मला दिसतं."

बायको पानं वाढायला लागली. मेहुण्यांनी मान खाली घालून जेवण केलं, सारु दोनदा मागून घेतलं, आणि संध्याकाळी निघाले तेव्हा सामानाचं नावसुद्धा काढलं नाही. गाडीत बसताना फक्त मला म्हणाले, की लक्ष ठेवा. मला फार वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

सोमवारी कारखान्यातून जमिनीवर आखायची पिवळी चिकटपट्टी मागून आणली आणि ओट्यावर त्या जागेभोवती चौकोन चिकटवला. सासूबाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे कशाला, मला ठाऊक आहे की. म्हटलं, आई, तुमच्यासाठी नाही, आम्हा डोळे असलेल्यांसाठी आहे. त्यावर 'आयतु' म्हणाल्या, म्हणजे झालं तर मग, आणि कॉफी टाकायला वळल्या.

गेल्या महिन्यात मेहुणे पुन्हा आले. नवा फोन हातात होता. स्वयंपाकघराच्या दारातच थांबले, पिवळ्या चौकोनाकडे बघितलं, फोन खिशात टाकला.

"आई, मी कुठे उभा राहू?"

सासूबाईंनी हात पुसले, न चाचपडता त्यांचा दंड धरला आणि त्यांना फ्रिजपाशी नेऊन उभं केलं.

"इथं," त्या म्हणाल्या. "आता हलू नको."