बयाबाईंचा कलप

मुरगूडच्या हंबीररावांच्या गोठ्यात चार म्हशी होत्या, त्यातली एक भुरी. म्हशीनं काळंच असावं असा काही कायदा नाही. एखादी तांबूस-मातकट केसांची निघते, तिला आपल्याकडं भुरी म्हणतात. ती गोठ्यात आली त्याच वर्षी घरात मुलगी झाली आणि तिचंही डोकं तसलंच. नाव ठेवलं बया, पण हंबीरराव तिला भुरीच म्हणायचे. गोठ्यातनं हाक मारली की इकडनं पोरगी धावायची आणि तिकडनं म्हस रेकायची. लेकीचा एवढा लाड गल्लीत कुणी केला नसेल, आणि तो सगळा त्या एका शब्दात होता.

लग्न होऊन बयाबाई कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आल्या आणि तोच शब्द शिवी होऊन अंगाला चिकटला. नळावर घागर लावली की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, आली बघ भुरी. सासू झुंबरबाई वाईट नव्हती हो. फटकळ होती, पण सुनेचं पोट भरल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. तिनंच लग्नानंतर पाचव्या दिवशी वाटीत काळा कलप कालवून हातात दिला. "आमच्यात भुऱ्या केसांची कोण न्हाय. लावून टाक, तोंडं बंद हुतील."

तोंडं बंद झाली. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी, एक्केचाळीस वर्षं, बयाबाईंनी कलप लावला. सासू गेली, नवरा गेला, कलप राहिला. आईचे केस जन्मापासून काळेच होते असं त्यांच्या मुलाला, धैर्यशीलला, अजून वाटतं.

आणि देवाची करणी बघा, धैर्यशीलची मुलगी अनुजा भुरं डोकं घेऊनच जन्मली. मामाच्या मांडीवर बसवून जोतिबाला जावळ काढलं, तर उगवले ते पुन्हा भुरेच. जावळ गेलं की केस काळे येतात, नाही आले तर परत काढायचे, अशी एक खुळी समजूत आपल्याकडं आहे. तिसऱ्या वर्षी परत चकोट केला. परत भुरे. आता पोरगी सहा वर्षांची, केस खांद्याखाली आलेले, शाळेत मुलं चिडवायला लागलेली. आणि तिसऱ्यांदा चकोट करायचा हट्ट कुणी धरला असेल? बयाबाईंनी! जिनं सोसलं तिनंच. ऐकून राग येतो, पण त्यांच्या मनात भीती एकच होती, या पोरीच्या हातात कुणी वाटी देऊ नये.

सून स्नेहल हायस्कुलात शिकवते. तिनं साफ नाही म्हटलं. शाळेतल्या संस्कृतच्या सरांना विचारून आली आणि जेवताना तिनं सगळ्यांना सांगितलं, की भुरा हा शब्द बहुतेक संस्कृतातल्या बभ्रूपासून आलाय. बभ्रू म्हणजे तपकिरी. मुंगसालाही तेच नाव. इंग्रजीतला ब्राऊनसुद्धा लांबून त्याच भावकीतला. म्हणजे शब्द जुना, खानदानी; शिवी असलीच तर ती लोकांच्या तोंडात आहे, शब्दात नाही.

बयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या सरास्नी आपली पोरगी उजवायची न्हाय."

धैर्यशीलनं ताटातली भाकरी मोडायला घेतली. आई आणि बायकोच्या मधे बोलणारा शहाणा अजून जन्मायचाय. चार दिवस घरात धुसफूस चालली आणि शेवटी स्नेहल थकली. रविवारी सकाळी सलूनवाला जोतीराम घरी येईल असं ठरलं.

नेमका तो कलपाचा रविवार. मागच्या पडवीत बयाबाई नेहमीसारख्या आरशाशिवाय, बोटांच्या अंदाजानं कलप लावत बसल्या होत्या. अनुजा गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून शेजारी येऊन बसली. रडत नव्हती, आणि तेच बघवत नव्हतं. आजी, हे का लावतेस, असं तिनं विचारलं. पांढरे झालेत म्हणून, बयाबाई म्हणाल्या. मग पांढऱ्याच्या आधी काळे होते का, पोरीनं विचारलं.

हो म्हणायला काय जात होतं? इतकी वर्षं तेच तर निभावलं होतं. पण टॉवेलमधनं वर आलेला तो एवढासा चेहरा बघून त्यांची जीभ रेटेना.

"तुझ्यासारखे हुते," त्या म्हणाल्या. "अगदी असलेच."

अनुजा टुणकन उभी राहिली. कलप बंद केला तर ते परत येतील का, मग दोघींचे सारखे दिसतील का, शाळेत न्यायला तू येशील का, असं तिनं एका दमात विचारून टाकलं.

बयाबाईंचा हात थांबला. आपले भुरे केस आपण शेवटचे कधी बघितले? हळदीच्या दिवशी असतील. पुढं दर पंधरवड्याला मुळाशी जे दिसेल ते झाकत गेल्या. कुठल्या तरी रविवारी बोटाखाली भुरं होतं आणि कुठल्या तरी रविवारी पांढरं. कधी ते? धैर्यशीलच्या बारशाआधी, की सासूच्या दिवसकार्यानंतर? काही म्हणता काही आठवेना.

"न्हाई गं बाई, आता न्हाई यायचे," त्या म्हणाल्या. "ते कधी गेले, ते बी मी बघितलं न्हाई."

तेवढ्यात जोतीराम आला आणि मशीनला प्लग कुठं आहे म्हणून विचारायला लागला. स्नेहल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बयाबाईंनी काळे हात तसेच वर धरून जोतीरामला सांगितलं, चहा घे आणि जा, आज काम नाही. पाच मिनिटांचं तर काम, मावशी, असं तो म्हणाला.

"न्हाय म्हटलं न्हवं."

मग त्यांनी साबणानं हात घासघासून धुतले, पदराला कोरडे केले आणि नातीला पुढ्यात बसवून वेणी घालायला घेतली. स्वतःच्या डोक्यावरचा अर्धा कलप तसाच वाळत होता. वेणी म्हणजे एरवी दोन मिनिटांचं काम, पण आज अर्धा तास झाला तरी उरकेना. अनुजा कुरकुरायला लागली, आजी, आवर की.

"थांब गं," बयाबाई म्हणाल्या. "बघू दे मला."