प्रोबचा ब्रेकपॉइंट आणि माझा निकाल

मशीन पुन्हा त्याच जागी थांबलं आणि मी आमचे प्रमुख भल्लासाहेब यांना विजयी मुद्रेने सांगितलं, दोष कर्नलमध्येच आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. चंडीगडच्या एका प्रयोगशाळेत आम्ही लष्करासाठी छोटा संगणक बनवत होतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. बाकीच्या प्रोग्रॅम्सना मेमरी वाटून देणारा. तो जसबीर कौर या माझ्या सहकारी बाईंनी लिहिला होता. मशीन अधूनमधून बंद पडे, आणि चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून एक मेजर डेमो बघायला येणार होते. ‘कर्नल बिघडलाय’ हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायचं नाही, असं साहेबांनी बजावलं होतं.

प्रोब, म्हणजे मशीनच्या आत काय चाललंय ते तपासायचं यंत्र, त्याचा एकमेव तज्ज्ञ मी. म्हणजे ट्रेनिंगला मला पाठवलं होतं. प्रोसेसर सॉकेटमधून काढायचा, तिथे प्रोबची जाड केबल खोचायची. मग प्रोबच्या डब्यातला तसाच प्रोसेसर मशीन चालवतो आणि आपण दिलेल्या मेमरीतल्या पत्त्यावर थांबतो. ती जागा म्हणजे ब्रेकपॉइंट. मेमरीत गडबड आढळली तरच कर्नल ज्या एरर रूटीनमध्ये, म्हणजे चूक हाताळायच्या सूचनांकडे, जायचा, त्याच्या सुरुवातीला मी ब्रेकपॉइंट लावला होता. मशीन ठणठणीत असतानाही प्रोब तिथे थांबे, म्हणजे कर्नल विनाकारण तिकडे जातोय, असं माझं म्हणणं.

साहेब म्हणाले, मग हा कर्नल काढून जुना साधा प्रोग्रॅम टाकू. बाईंची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती. त्यांनी वाद घातला नाही. रूटीनमध्ये दिवा लावायची सूचना घालू, एवढंच सुचवलं. प्रोसेसर खरंच तिथे गेला तर दिवा लागेल.

प्रोब थांबला. मी पुढे जायचं बटण दाबलं. मशीन सुरळीत चालू लागलं, दिवा लागला नाही. मी दिवा बदलला. मग वायर बदलली. मग सोल्डरिंगला नावं ठेवली.

“काळेजी,” बाई म्हणाल्या, “एक बार मान लीजिए कि बल्ब सच बोल रहा है।”

चडफडत मानलं. मग दिसलं की ते रूटीन एका जंपच्या, म्हणजे दुसरीकडे उडी मारायच्या सूचनेच्या, लगेच पुढे होतं. आमचा नवा प्रोसेसर घाईचा. एक सूचना पाळतानाच पुढच्या काही सूचना मेमरीतून आणून ठेवी आणि उडी मारली की टाकून देई. आणलेली सूचना आणि पाळलेली सूचना यांतला फरक प्रोबला कळत नव्हता. पत्ता दिसला की तो थांबे. प्रोसेसर खरोखर कुठे आहे, ते पडद्यावर स्पष्ट लिहून येई. मी ते वाचतच नव्हतो. ‘ब्रेकपॉइंट’ एवढा शब्द दिसला की माझा निकाल तयार.

आम्ही रूटीन लांब हलवलं. प्रोब उगाच थांबेनासा झाला. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर तो थांबला.

“पुन्हा खोटं,” मी म्हणालो आणि बटण दाबलं.

दिवा लागला. मशीन बंद पडलं.

या वेळी गडबड खरी होती, आणि कर्नलने ती बरोबर पकडली होती. प्रिंटरचा प्रोग्रॅम आपली जागा सोडून शेजारच्या मेमरीत लिहीत होता. तो साहेबांनी हौसेने स्वतः लिहिलेला. मग साहेबांनी चहा मागवला.

डेमो नीट पार पडला. कर्नल बाईंचाच राहिला आणि प्रोबही त्यांच्याकडे गेला. मला प्रिंटर सांभाळायला दिला. ब्रेकपॉइंट मशीन थांबवतो; निकाल द्यायला निघालेल्या इंजिनिअरला थांबवायची सोय त्यात नसते.