जवळा वाळवण्याचा सरकारी वर्ग

ज्या माणसाच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर थांबायचा, त्याला कोळीवाड्यात मासळी वाळवायला शिकवण्यासाठी पाठवावं, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याला माझा आजही दंडवत आहे. तो माणूस मी. गाव तळा, शिक्षण रसायनशास्त्राचं, आणि मासळीशी ओळख एवढीच की बाजाराच्या दिवशी ती ज्या बाजूला बसे त्या बाजूने आम्ही जात नसू. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सुधारणा करायच्या होत्या, आणि माझ्या अर्जावर 'रसायन' हा शब्द होता. आमच्या खात्याला तेवढं पुरलं.

काशीदच्या अलीकडे एका कोळीवाड्यात मला वर्ग दिला. म्हणजे मच्छीमार सोसायटीची कौलारू शेड, एक फळा, एक हजेरीपट, दहा चटया आणि एक छापील पुस्तिका. पुस्तिकेचं म्हणणं साधं होतं. जवळा, म्हणजे ती नखाएवढी बारीक कोळंबी, वाळूत पसरू नका. वाळू त्यात मिसळते, मग मुंबईचा व्यापारी नाक मुरडतो. बांबूचा कमरेइतका उंच माच बांधा, त्यावर चटई घाला, जवळा आधी स्वच्छ पाण्यात धुवा. एवढंच. हे सांगायला मला सरकारने वर्षभराची मुदत दिली होती.

गावच्या तांडेलने, म्हणजे मोठ्या होडीच्या म्होरक्याने, पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "सरकारचा मानूस आलाय. समद्यांनी जाऊन बसा."

आणि बसले हो! रोज अकराला पंचवीस-तीस बाप्ये हजर. मी फळ्यावर माचाचं चित्र काढलं, वाळूच्या कणाचं चित्र काढलं, एकदा तर रंगीत खडूने जंतू काढला. आवाज चढवला, उतरवला, हातवारे केले. ते माना हलवायचे. माझी छाती फुगायची. माना एकाच लयीत हलताहेत आणि त्यातल्या निम्म्या हनुवटीपर्यंत आल्यावर परत वर जात नाहीत, हे लक्षात यायला मला दोन आठवडे लागले. पहाटे दर्यावरून आलेली माणसं ती. गावात सगळ्यात गार जागा सोसायटीची शेड, तिन्ही बाजूंनी वारा. माझ्या आवाजाची त्यांना इतकी सवय झाली की मी फळा पुसायला थांबलो तर दोघं-तिघं दचकून जागे व्हायचे.

तरी म्हटलं, काहीतरी कानावर पडत असेल. दोन महिन्यांनी मी किनाऱ्यावर गेलो. जवळा वाळूत. इथून तिथवर, गुलाबी चादर अंथरावी तसा, वाळूत.

माझा तोल गेला. तांडेल होडीच्या सावलीत जाळं सांधत बसला होता. मी म्हटलं, "तांडेल, तुम्ही वर्गात मान हलवलीत की नाही?"

"हलवली की."

"मग हे काय आहे?"

त्याने जवळ्याकडे असं पाहिलं की जणू तो शेजारच्या गावातून वाहत आलाय. "त्ये मना कशाला इचारता मास्तर? मासळी होडीतनं उतरली का बायकांची. धुवायची, वाळवायची, इकायची, समदं त्यांचं. आमी हात लावला तर हात मोडंल बायको."

"अहो, मग दोन महिन्यांत एकदा तरी सांगायचं!"

"तुमी इचारलं कुठं?" तो शांतपणे म्हणाला आणि सुतळी दाताने तोडली.

दोन महिने! जंतू काढला होता मी, रंगीत खडूने!

त्या दिवशी मी कार्यालयाला पत्र लिहिलं. मासळी वाळवण्याचं काम इथे स्त्रिया करतात, सबब वर्गात स्त्रियांना बसवण्याची परवानगी मिळावी. उत्तर तत्परतेने, म्हणजे पाच आठवड्यांनी, आलं. वर्ग सोसायटीच्या सभासदांसाठी आहे, सभासद पुरुष आहेत. महिलांसाठी शिवणवर्गाची स्वतंत्र योजना विचाराधीन आहे. मी ते पत्र तीनदा वाचलं. दरवेळी ते आधीपेक्षा जास्त निर्बुद्ध वाटलं.

पण तोवर मी थांबलो नव्हतो. मी तांडेलिणीकडे गेलो होतो. चाळिशीची बाई, कमरेला पदर घट्ट खोवलेला, आवाज असा की भरतीच्या वेळी पलीकडच्या होडीवर ऐकू जावा. भोवती दहा-बारा बायका जवळा पालथा करत होत्या. मी पुस्तिका उघडली आणि सुरुवात केली, "वहिनी, वाळूत वाळवलेल्या जवळ्यामध्ये..."

"मास्तर," तिने मला मध्येच तोडलं, "तू जवळा खाल्लायस का कदी?"

"नाही, म्हणजे आमच्यात..."

"बोंबील?"

"नाही."

"मांदेली?"

बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. "आगो बाय, ह्यो आमाला जवळा शिकवनार!" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "मी उद्या ह्याच्या आयशीला पुरनपोळी शिकवाया तळ्याला जाते!"

तांडेलीण हसली नाही. तिने वाळलेला जवळा मूठभर घेतला, झटकला, पाखडला आणि माझ्यासमोर धरला. "वाळू हाय म्हनतोस ना? चावून सांग."

आता तुम्ही कल्पना करा. किनारा, दुपारचं ऊन, बारा बायका, आणि माझ्या सात पिढ्या आकाशातून खाली वाकून पाहताहेत. परत फिरलो असतो तर कोणी अडवलं नसतं. पण त्या शेडमध्ये जाऊन पुन्हा त्या माना बघण्यापेक्षा हा घास परवडला. मी जवळा तोंडात टाकला आणि चावला.

खच्च!

असा आवाज झाला की तो मला कानात नव्हे, डोक्याच्या मागे ऐकू आला. डोळ्यांत पाणी आलं. ते वासाचं होतं की दाताचं, आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, "वहिनी, ही वाळू नाही, हा दगड आहे!"

पहिल्यांदाच तिचा चेहरा हलला. "आता तुला कळलं. आमच्या पोरांच्या दाताखाली रोज येते ती. धुऊन धुऊन हात मोडले, जात न्हाय." मग ती खाली बसली, मलाही बसायला खूण केली. "बोल. काय करायचं?"

पुस्तिका मी पिशवीत टाकली. माच बांधला तो त्यांच्या सांगण्याप्रमाणे, कारण पुस्तिकेतला माच वाऱ्याच्या नेमका आडवा होता आणि पहिल्याच दिवशी उलटला. चटया मी शेडमधून आणल्या. तिसऱ्या दिवशी तांडेलिणीने माचावरचा जवळा मला खायला लावला. खच्च झालं नाही. बायकांनी आपापल्या पोरांनाही चारून बघितलं. पुढच्या आठवड्यात माझ्या दहा चटयांसाठी किनाऱ्यावर भांडणं सुरू झाली, आणि मला आयुष्यात प्रथमच आपण शिक्षक आहोत असं वाटलं.

बाप्ये मात्र अकराला शेडमध्ये येतच होते. सवय! मी हजेरी घ्यायचो, त्यांना निजवायचो आणि किनाऱ्यावर निघून जायचो. हजर होते, त्यात खोटं काही नव्हतं.

आणि मग आमच्या खात्याच्या साहेबांचं पत्र आलं. गुरुवारी तपासणी. वर्गाचा उपयोग दिसला नाही तर वर्ग बंद, चटया परत, मी अलिबागच्या कार्यालयात आवक-जावक लिहायला.

मी तांडेलिणीला सांगितलं. "सगळं तुम्ही शिकलात, पण तुम्ही कागदावर नाहीच, तिथे तुमच्यासाठी शिवणवर्ग यायचाय. साहेबांना कळलं की मी योजनेबाहेरच्या माणसांना शिकवलं, तर सगळंच गेलं."

"चटया बी?"

"चटया आधी."

ती आपल्या घराकडे बघत राहिली. आत तांडेल घोरत होता.

गुरुवारी साहेब आले. पंचवीस बाप्ये सरळ बसलेले, डोळे टक्क उघडे. घरोघरी काय झालं असेल ते त्यांच्या चेहऱ्यांवर होतं. साहेबांनी तांडेलला उभं केलं. "काय शिकलात?"

"जवळा वाळूत पसरायचा न्हाय."

"छान! का?"

"बायको वरडते."

साहेब खदखदून हसले. मला वाटलं, आता अलिबागचा रस्ता धरायचा. पण त्यांनी टिपून घेतलं, आणि आम्ही किनाऱ्यावर गेलो. माचांची रांग, चटया, जवळा. साहेब मासे खाणारे होते. चिमूट तोंडात टाकली, चावली, डोळे मिटले. "वा! एक कण नाही!" आणि वळून तांडेलच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! काय मेहनत घेतलीत तुम्ही लोकांनी!"

तांडेलने त्या माचाला जन्मात हात लावला नव्हता. त्याने नम्रपणे मान खाली घातली.

माचापलीकडे तांडेलीण कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचं तोंड उघडलं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने चटयांकडे पाहिलं.

"व्हय साहेब," ती म्हणाली, "आमचं बाप्ये लय शिकलं." बायकांत खसखस पिकली. "आन् आमच्यासाठी त्यो शिवनाचा वर्ग येनार हाय ना? त्यो बी ह्यांनाच द्या. जाळी हेच शिवतात."

साहेबांनी तेही टिपून घेतलं.

महिन्याने हुकूम आला. वर्ग आणखी एक वर्ष चालू, पुरुष प्रशिक्षणार्थींच्या उल्लेखनीय प्रगतीमुळे आणखी वीस चटया मंजूर. चटया होडीने आल्या तेव्हा तांडेलीण पाण्यात उतरून उभी होती. मी पावती पुढे केली, तिने हात पुढे केला, आणि मी पावती मागे घेतली.

"काय झालं?"

"वहिनी, यावर प्रशिक्षणार्थीचा अंगठा लागतो."

तिने माझ्याकडे, मग शेडकडे बघितलं. अकरा वाजून गेले होते.

"मग जा मास्तर," चटयांचा पहिला गठ्ठा डोक्यावर घेत ती म्हणाली, "उठव त्याला."