यानावरची हळद

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे मला अजून नीट कळत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुलते अजून मेंढरं घेऊन फिरतात, वडील शिरवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहेत, आणि आई सांगलीच्या बाजारात हळद निवडायला जाते. त्यामुळे कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. आणखी एका गोष्टीची माफी आधीच मागून ठेवतो. या लिखाणात मी कुणाला माफ केलेलं नाही. शेवटी करेन, म्हणून वाट पाहू नका.

मला अवकाशयानांची छोटी मॉडेलं करायचा नाद आहे. पुठ्ठा, थर्माकोल, रिकाम्या रिफिली यांचा सांगाडा जमतो. अडतं ते धातूपाशी. दुकानातला चंदेरी रंग दिला की यान लोखंडी कपाटासारखं दिसतं. मग मी घरातच शोधायला लागलो. शेजारच्या आजींच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं मागून आणायचो. त्यांच्या मागचा पातळ पत्रा सोलून पांढऱ्या डिंकानं चिकटवायचा आणि चमच्याच्या पाठीनं घोटायचा. टूथपेस्टची जुनी ट्यूब उभी चिरली की आतून बरा पत्रा निघतो, पण तो फारच नवा दिसतो. आई भांडी घासते तशी चुलीतली राख लावून त्याला हलक्या हातानं घासलं की अंतराळात जाऊन आल्यासारखा मळकट होतो. इंजिनाच्या नळीला आधी काळा रंग, त्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटानं चोळायची. पोलाद वाटतं. खोटं सांगत नाही, आमच्या वाड्यातल्या एकानं ते उचलून बघितलं आणि जड कसं नाही म्हणून विचारलं.

राहिलं सोनं. चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या अंगावर सोनेरी आवरण असतं. मिठाईच्या डब्यातला सोनेरी कागद लावून पाहिला, तर यान लग्नातल्या रुखवतासारखं दिसायला लागलं. त्याच संध्याकाळी आई कामावरून आली आणि पाणी प्यायला तिनं स्टीलचा तांब्या धरला. तिचे हात हंगामात कोपरापर्यंत पिवळे असतात. तांब्यावर ओल्या बोटांचे ठसे उमटले, आणि दिव्याच्या उजेडात ते सोन्याचे दिसले. मी तांब्या हातातून काढूनच घेतला.

सुताराकडून लाकडाला लावतात ते लाखेचं पॉलिश थोडं मागून आणलं. त्यात हळद भिजवली, कापडातून गाळली आणि पत्र्यावर पातळ हात दिला. वाळल्यावर मी तो दिव्यापाशी धरला. पत्रा खालून चमकत होता आणि वरून सोनं होता.

दुसऱ्या दिवशी त्यावरचे बोटांचे डाग पुसायला मी कपडे धुवायच्या साबणाचं पाणी लावलं, तर सगळं सोनं लालभडक होऊन ओघळायला लागलं. आई दारातच हसत बसली.

“आरं, यानाला कुंकू लावलंस व्हय?” ती म्हणाली. “हळदीला साबण लागला की लालच व्हनार की. माझी लुगडी बघितली न्हाईस कवा?”

बघितली होती. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, हेही माहीत होतं. पण हळद यानावर गेली आणि मी ते विसरलो. मग दुसरा हात दिला आणि ठरवलं, हे फक्त कोरड्या फडक्यानं पुसायचं.

ते यान घेऊन मी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात गेलो. विज्ञान मंडळाचे सर ते हातात घेऊन वर्गासमोर उभे राहिले. त्यांनी ते उलटं केलं. तळाला गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं राहून गेली होती.

“काय रं,” ते माझ्या बोलीत म्हणाले, “हे यान हाय, का मेडिकलचा उकिरडा हाय?”

सर स्वतः तसं बोलत नाहीत. ते शुद्ध बोलतात. म्हणूनच वर्ग इतका हसला. पहिल्या बाकावर त्यांचा पुतण्या होता, तो सगळ्यांत शेवटी हसायचा थांबला. त्यानंतर मी वर्गात कितीतरी दिवस तोंड उघडलं नाही. उघडलं तर आधी मनात वाक्य ‘आहे’ आणि ‘नाही’ घालून धुऊन घ्यायचो.

पुढं साताऱ्याला मॉडेलांचं प्रदर्शन निघालं, तेव्हा सरांना तोच उकिरडा आठवला. मला बोलावून म्हणाले, मोठं करून आण. मी महिनाभर खपलो. साताऱ्यात गेल्यावर त्यांनी मला टेबलामागच्या पडद्यापाशी पिशव्या राखायला बसवलं, आणि परीक्षकांशी बोलायला पुतण्याला उभं केलं, कारण त्याचं इंग्रजी चांगलं. पडद्याआडून मला सगळं ऐकू येत होतं. पहिला नंबर आला. मॉडेल कॉलेजच्या काचेच्या कपाटात गेलं, आणि खाली पितळी पाटी लागली. निर्मिती म्हणून पुतण्याचं नाव, मार्गदर्शन म्हणून सरांचं.

मी सरांकडे गेलो. पाटीवर माझंही नाव हवं होतं, एवढंच मला म्हणायचं होतं. ते मी चाचरत म्हटलं. सर म्हणाले, तू मदत केलीस, ती आम्ही विसरलेलो नाही. पण कॉलेजचं नाव मोठं व्हावं हे बघ. वडिलांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, गप शिक. म्हणून गप शिकलो. पण रोज जाता-येता त्या कपाटापुढं थांबायचो आणि ती पाटी वाचायचो. राग विझू नये म्हणून वाचायचो.

काही महिन्यांनी सरांनीच मला खोलीत बोलावलं. वार्षिक अंकात त्यांना या मॉडेलवर लेख लिहायचा होता. काय काय वापरलंस ते सांग, म्हणाले. मी सगळं सांगितलं. पाकिटं, चमचा, राख, शिसं, काही लपवलं नाही. सोन्यापाशी आलो, तेव्हा सर मान वर न करता म्हणाले, “हा मिठाईच्या डब्यातला कागद ना?”

त्यांच्या टेबलावर काच पुसायच्या निळ्या पाण्याची बाटली होती. सरांना डाग खपत नाहीत. चष्मा, टेबलाची काच, कपाटाची दारं, जिथं बोट दिसेल तिथं ते स्वतः फवारा मारतात. त्या पाण्याचा वास नाकाला झोंबतो. सरांचं ते पुसणं बघून तसल्याच एका बाटलीतले दोन थेंब मी एका दुकानात हळदीच्या चिमटीवर टाकून बघितले होते. ते कुंकवासारखे झाले होते.

“व्हय, सर,” मी म्हणालो. मुद्दाम ‘व्हय’ म्हणालो.

एवढंच मी केलं. त्यांनी विचारलं असतं, तर सांगितलं असतं. उकिरड्यात काय आहे, हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही.

मग वाट बघणं आलं. सर कपाट बाहेरून पुसायचे, आत यान सुखरूप. काचेवर फवारा बसायचा आणि सर पुढं निघून जायचे. काही वेळा वाटायचं, मीच वेडा आहे. पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. यान सोन्याचं आहे तोवर ते पुतण्याचं राहणार. ज्या दिवशी ते बिघडेल, त्या दिवशी ते माझं होणार. माझं नाव सरांच्या तोंडून यायला दुसरा रस्ता नव्हता.

कॉलेज संपलं, तरी ते बिघडलं नव्हतं. मी शिरवळला वडिलांच्याच कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. परवा दुपारी आम्ही दोघं डबा खात बसलो होतो, तेव्हा माझ्या जुन्या बाकावरच्या सोबत्याचा फोन आला. तो आता तिथंच पुढचं शिकतो. हाताला कालवण लागलेलं, म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर टाकून खाली ठेवला.

“गड्या, तुझं यान गेलं,” तो म्हणाला.

एक निवृत्त शास्त्रज्ञ पाहुणे म्हणून आले होते. सरांनी कौतुकानं कपाट उघडलं, यान बाहेर काढलं. त्यावर धूळ दिसली. पाहुण्यांच्या देखतच त्यांनी निळी बाटली उचलली आणि फवारा मारला. सोनं लाल झालं आणि सरांच्या पांढऱ्या बाहीवर ओघळलं. पुतण्या शेजारीच उभा होता. पाहुण्यांनी त्याला विचारलं, हे काय लावलंय? तो म्हणाला, कागद. पाहुण्यांनी ओघळाला बोट लावलं, वास घेतला आणि मोठ्यानं हसले. हळद आहे ही, म्हणाले.

“आणि सर?” मी विचारलं.

“सर लय भडकले. म्हनले, हे आमच्या पोराचं काम न्हाईच, त्या दुसऱ्यानं असला माल वापरला. आनि तुझं नाव घेतलं.”

“काय घेतलं?”

“पुरं घेतलं की. मग पाव्हना म्हनला, असं हाय तर पाटीवर दुसऱ्याचं नाव कसं? शिपायानं काल पाटी काढली.”

“नाव कसं घेतलं ते सांग,” मी म्हणालो.

त्यानं घसा खाकरला आणि हुबेहूब सरांचा तो शुद्ध आवाज काढला. आधी माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. समोर भाकरी मोडत बसलेल्या वडिलांनी स्वतःचं नाव ऐकून मान वर केली.